कॅमेरा बंद आहे हे चोरीच्या आधी कळावे म्हणून: बिनतारी सेन्सरचा खरा उपयोग

अंधेरी पूर्वेकडील एका औद्योगिक वसाहतीच्या सोसायटीचे मानद सचिव विचारतात: "आमच्या चार मजली इमारतीत ३२ कॅमेरे आणि दोन एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) आहेत. पावसाळ्यातल्या एका रविवारी रात्री मागच्या गल्लीकडील गाळ्याचे शटर उचकटून तांब्याच्या तारेची रिळे चोरीला गेली. पोलिसांनी फुटेज मागितले तेव्हा कळले की त्या गल्लीतला एक कॅमेरा बरेच दिवस बंद होता, दुसऱ्यात नुसते धुके दिसत होते आणि तिसऱ्याच्या रेकॉर्डिंगवरची वेळ ११ मिनिटांनी पुढे होती. आता एक कंत्राटदार बिनतारी सेन्सर बसवा म्हणतो, तर दुसरा सगळे कॅमेरे बदला म्हणतो. सेन्सरमुळे व्यवस्था खरोखर भरवशाची होते का? कोणते तंत्र घ्यावे? आणि बॅटऱ्या बदलत बसावे लागेल का?"

आपल्या प्रश्नात चोरी मध्यभागी आहे, पण मला त्याहून गंभीर गोष्ट वेगळी वाटते. कॅमेरा बंद पडला आणि बरेच दिवस कोणालाही कळले नाही. यंत्र बिघडणारच; समुद्राकाठच्या शहरात उघड्यावर लावलेले यंत्र तर लवकर बिघडणार. बिघाड झाल्यापासून तो माणसाच्या लक्षात येईपर्यंत जो काळ जातो, तेवढा काळ आपली वसाहत प्रत्यक्षात कॅमेऱ्याविना असते आणि तरीही आपण निर्धास्त असतो. बिनतारी सेन्सरचे जाळे हा काळ आठवड्यांवरून तासांवर आणू शकते, आणि माझ्या मते त्याचे पहिले काम हेच आहे. चोर पकडण्यासाठी इशारा देणे हे त्याचे दुसरे काम. कंत्राटदार बहुधा दुसरे काम आधी विकतात, म्हणून हा क्रम सुरुवातीलाच स्पष्ट करतो.

इमारत पाहिल्याशिवाय काही गोष्टी ठामपणे सांगता येणार नाहीत. भिंती किती जाड आहेत, गाळ्यांमध्ये वेल्डिंग मशीन किंवा मोठ्या मोटरी चालतात का, एनव्हीआरच्या रॅकला यूपीएस आहे का, रात्री किती वॉचमन असतात आणि ते खरोखर फेरी मारतात का, यावर सेन्सरची निवड आणि संख्या अवलंबून राहील. त्यामुळे खालील विवेचनातील तर्क आपल्याला जसाच्या तसा घेता येईल. आकडे मात्र जागेवर तपासून घ्यावे लागतील.

आधी कॅमेरे कसे बंद पडतात ते पाहू, कारण सेन्सर कुठे लावायचा हे त्यावरूनच ठरते. मुंबईत माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त बिघाड कॅमेऱ्याच्या आत नसून त्याच्या मागच्या जंक्शन बॉक्समध्ये असतात. खारी हवा आणि चार महिन्यांचा दमटपणा यांमुळे जोडणीच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि संपर्काचा विरोध वाढतो. पीओई पद्धतीत, म्हणजे जिथे एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात तिथे, २००३ च्या मूळ मानकानुसार स्विच प्रत्येक पोर्टला १५.४ वॅटपर्यंत वीज देतो आणि १०० मीटरच्या केबलमधील घट धरून कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ वॅट पोहोचतील असे गृहीत धरलेले असते. गंजलेल्या जोडणीत ही घट आणखी वाढते. दिवसा कॅमेऱ्याला थोडीच वीज लागत असल्याने सारे सुरळीत दिसते. अंधार पडून इन्फ्रारेड दिवे लागले की मागणी वाढते, व्होल्टेज कोसळते, कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि हे चक्र रात्रभर चालते. सकाळी दहाला सोसायटीच्या कार्यालयात पडद्यावर पाहणाऱ्याला तोच कॅमेरा ठणठणीत दिसतो. दिवसा चालणारा आणि रात्री बंद पडणारा कॅमेरा हा मला पूर्ण बंद कॅमेऱ्यापेक्षा घातक वाटतो.

दुसरा प्रकार आपल्या धुकट कॅमेऱ्याचा. केबलचा ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथली सील करणारी कडी, सैल असला की दिवसा तापलेली हवा बाहेर जाते, रात्री गार होताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि काचेच्या आतून पाणी साचते. अशा कॅमेऱ्याला एनव्हीआर "ऑनलाइन" म्हणतो, कारण नेटवर्कवर तो उत्तर देत असतो. कोळ्याचे जाळे, इन्फ्रारेड प्रकाशाकडे येणारे किडे, कबुतरांनी किंवा रंगकाम करणाऱ्या माणसाने फिरवलेला ब्रॅकेट, थेट चित्र दाखवणारी पण लिहिणे बंद केलेली हार्ड डिस्क, ही सारी याच वर्गातील दुखणी आहेत. यंत्र स्वतःविषयी जे सांगते आणि प्रत्यक्षात जे घडते यांत येथे अंतर पडलेले असते.

म्हणून कॅमेऱ्याची तपासणी कॅमेऱ्याच्याच तोंडून करून भागत नाही. त्याच्याकडे पाहणारा दुसरा साक्षीदार हवा, आणि तो तीन बाबतींत स्वतंत्र हवा: त्याची वीज वेगळी, त्याचा संदेश जाण्याचा मार्ग वेगळा आणि त्याची मोजण्याची भौतिक पद्धतही वेगळी. बॅटरीवर चालणारा बिनतारी सेन्सर या तिन्ही अटी कमी खर्चात पूर्ण करतो, म्हणून तो उपयुक्त आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी पारेषण व्यवस्थेतील बिघाडाने मुंबई आणि परिसराची वीज गेली आणि लोकल जागीच थांबल्या, तो दिवस आपल्यालाही आठवत असेल. अशा वेळी यूपीएसची बॅटरी संपली की कॅमेरे, स्विच, एनव्हीआर आणि राउटर एकापाठोपाठ एक गप्प होतात, आणि आपण गप्प झालो आहोत हे सांगणाराही कोणी उरत नाही. बॅटरीवरचे सेन्सर त्या काळातही जागे राहतात; अट एवढीच की त्यांचे संदेश गोळा करणाऱ्या गेटवेला स्वतःची बॅटरी आणि मोबाइल सिम असले पाहिजे. गेटवे त्याच रॅकमध्ये, त्याच यूपीएसवर आणि त्याच ब्रॉडबँडवर ठेवला तर स्वातंत्र्य कागदावरच राहते. कंत्राटदाराच्या आराखड्यात मी सर्वांत आधी हीच गोष्ट तपासतो.

आता कॅमेऱ्याच्या प्रकृतीसाठी काय मोजावे, ते पाहू. ब्रॅकेटवर कल मोजणारा छोटा अ‍ॅक्सेलरोमीटर लावला तर कॅमेरा कोणी फिरवला किंवा खाली ओढला हे लगेच कळते. रॅकच्या दाराला चुंबकीय संपर्काचा सेन्सर आणि आत तापमानाचा सेन्सर असावा, कारण बंद खोलीत तापणारा रॅक हार्ड डिस्कचे आयुष्य खातो. मीटर रूम किंवा पंप रूम तळघरात असेल तर जमिनीलगत पाण्याचा सेन्सर हवाच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एवढा पाऊस वारंवार होत नाही, पण आपल्या भागातील तळमजल्यांत पाणी शिरायला त्याच्या एका अंशाचाही पाऊस पुरतो. यूपीएसला बहुधा रिलेचा संपर्क दिलेला असतो; तो सेन्सरला जोडला की "मुख्य वीज गेली, बॅटरीवर चालू आहे" हा संदेश आपोआप मिळतो.

कॅमेऱ्याला जाणारी वीज मोजण्यासाठी मात्र वेगळा सेन्सर घेण्याची घाई करू नका. आपला पीओई स्विच व्यवस्थापनयोग्य प्रकारचा असेल तर प्रत्येक पोर्टची वीज तो स्वतःच दाखवतो. संध्याकाळी इन्फ्रारेड दिवे लागण्याच्या वेळी प्रत्येक पोर्टवरची वीज ठळकपणे वाढली पाहिजे. ज्या पोर्टवर ती वाढत नाही त्या कॅमेऱ्याचे दिवे गेले आहेत, आणि जिथे ती वाढून वारंवार शून्यावर येते तिथे वर सांगितलेले रात्रीचे चक्र चालू आहे. ही नोंद फुकट मिळते. ती कोणी पाहत नाही एवढेच.

जंक्शन बॉक्समधील दमटपणाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण येथे सेन्सर खरोखर आगाऊ सूचना देऊ शकतो. २००२ साली अमेरिकेतील मेन राज्याच्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासासाठी बर्कलेच्या संशोधकांनी बिनतारी सेन्सरचे जाळे लावले होते. या क्षेत्रातील ते सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांपैकी एक. आपल्या धंद्याच्या दृष्टीने त्यातला मोलाचा भाग असा की, सेन्सरच्या डबीत पाणी शिरू लागले की दमटपणाचे आकडे विचित्र होत आणि ते यंत्र बंद पडण्याची चाहूल त्यावरून लागे. हेच तत्त्व आपल्याकडे वापरता येते, पण मुंबईच्या पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रतेचा नुसता आकडा फसवतो. बाहेर सतत दमट असते आणि बॉक्स उन्हात तापला की आतली सापेक्ष आर्द्रता आपोआप कमी दिसते. म्हणून तापमान आणि आर्द्रता दोन्ही घेऊन दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, काढावा. ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवून नीट बंद केलेल्या बॉक्समधील दवबिंदू बाहेरच्यापेक्षा बराच खाली राहतो. तो काही दिवसांत वर चढून बाहेरच्या दवबिंदूशी जुळू लागला, तर बॉक्स हवाबंद उरलेला नाही असे समजून ग्लँड बदलावा. जोडणी गंजून कॅमेरा जायच्या कितीतरी आधी हे कळते. सर्व ३२ ठिकाणी याची गरज नाही. पावसाच्या माऱ्यातल्या बाहेरच्या कॅमेऱ्यांपुरते केले तरी पुरे.

आणखी एक पद्धत मी प्रत्येक वसाहतीत आग्रहाने सुचवतो, कारण तिला यंत्रापेक्षा शिस्त जास्त लागते. रात्रीच्या फेरीत वॉचमन प्रत्येक हालचाल-सेन्सरसमोरून आणि प्रत्येक कॅमेऱ्यासमोरून जातोच. सेन्सरने त्याची हालचाल नोंदली आणि त्याच काही सेकंदांत त्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये हालचाल सापडली नाही, तर कॅमेरा आंधळा झाला आहे: बंद असेल, धुकट असेल, भलतीकडे वळलेला असेल किंवा डिस्क लिहीत नसेल. कारण कोणतेही असो, दोष उघडा पडतो. उलट कॅमेऱ्यात माणूस दिसला आणि सेन्सर गप्प राहिला, तर सेन्सर तपासायचा. आणि फेरीच्या वेळेत दोघांनीही काही नोंदले नाही, तर वॉचमनशी बोलायचे. अशा रीतीने प्रत्येक रात्री प्रत्येक जोडीची परीक्षा आपोआप होते. आपल्या गल्लीतील तिन्ही कॅमेऱ्यांपैकी बंद आणि धुकट असे दोन कॅमेरे या पद्धतीने पहिल्याच रात्री यादीत आले असते आणि तिसऱ्याच्या वेळेतली तफावतही त्याच यादीत उमटली असती. ही तुलना करणारी छोटी आज्ञावली कोणताही जाणकार कंत्राटदार लिहून देऊ शकतो. तो नाही म्हणाला, तर त्याला आपल्या एनव्हीआरमधून घटनांची नोंद बाहेर काढता येत नाही असे समजावे, आणि ते खरेदीपूर्वीच कळलेले बरे.

आता दुसरे काम, म्हणजे घुसखोरीचा इशारा. येथे सेन्सर निवडताना मुंबईचे हवामान विसरून चालत नाही. सर्वांत स्वस्त आणि प्रचलित पीआयआर सेन्सर साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या उष्ण किरणांतील बदल टिपतो. माणसाचे अंग आणि मागची भिंत यांच्या तापमानात जितका फरक, तितकी खूण स्पष्ट. मे महिन्यात दिवसभर तापलेली पश्चिमेकडची भिंत संध्याकाळी जवळजवळ त्वचेच्या तापमानाला असते आणि तेव्हा हा सेन्सर मंदावतो. शिवाय तो समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवे जाणाऱ्याला चांगला ओळखतो, म्हणून तो गल्लीच्या टोकाशी लांबवर रोखून न लावता चालणाऱ्याची वाट आडवी कापेल असा बाजूला लावावा. मायक्रोवेव्ह डॉपलर सेन्सरला उष्णतेची अडचण नाही, पण तो पातळ पार्टिशनच्या पलीकडची हालचालही टिपतो आणि मुसळधार पावसात व फडफडणाऱ्या पत्र्यांवर चाळवतो. मागच्या उघड्या गल्लीसाठी मी तो निवडणार नाही. शटरसाठी चुंबकीय संपर्क आणि कंपन मोजणारा सेन्सर ही जोडी उत्तम. शेजारच्या गाळ्यातील प्रेस मशीनचेही कंपन पोहोचते, तेव्हा आठवडाभर नुसती नोंद घेऊन मगच मर्यादा ठरवावी.

खोट्या इशाऱ्यांचा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. समजा मागच्या गल्लीतला पीआयआर मांजर, घूस आणि गरम वाऱ्यामुळे रात्रीच्या आठ तासांत तीन वेळा खोटा वाजतो आणि शटरवरचा कंपन-सेन्सरही तीन वेळा. अशा दहा जागा असतील तर रात्री साठ इशारे झाले. कोणताही वॉचमन, तो कितीही प्रामाणिक असो, तिसऱ्या रात्रीपासून त्यांकडे पाहणे सोडतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण एकाच जागेचे हे दोन वेगळ्या जातीचे सेन्सर एकमेकांच्या ३० सेकंदांच्या आत वाजले तरच वॉचमनला उठवायचे असा नियम केला, तर गणित बदलते. तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ जोड्या. प्रत्येक जोडी मागेपुढे मिळून ६० सेकंदांच्या खिडकीत पडण्याची शक्यता २८,८०० सेकंदांत ६० एवढी. गुणाकार केला की एका जागी साधारण पन्नासहून अधिक रात्रींत एक खोटा इशारा येतो. हे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत आणि दोन्ही सेन्सरची कारणे स्वतंत्र आहेत असे त्यात गृहीत आहे. वादळी रात्री वारा दोघांनाही हलवतो, तेव्हा हे गृहीतक मोडते. म्हणूनच जोडी वेगळ्या भौतिक पद्धतींची असावी. दोन पीआयआर शेजारी शेजारी लावून हा फायदा मिळत नाही. एकट्या सेन्सरचा इशारा वाया घालवायचा नाही; तो नोंदीत राहू द्यावा आणि त्यावर संबंधित कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग उच्च दर्जावर न्यावे, आधीच्या काही सेकंदांसह ती फीत खोडली जाणार नाही अशी राखून ठेवावी. बहुतेक एनव्हीआरमध्ये ही सोय असते, फक्त सुरू केलेली नसते.

तंत्राच्या निवडीकडे वळतो. झिगबी आणि तत्सम कमी विजेची बिनतारी जाळी ज्या ८०२.१५.४ मानकावर उभी आहेत त्याची पहिली आवृत्ती २००३ ची. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात त्याचा वेग सेकंदाला २५० किलोबिट आणि एका संदेशाची कमाल लांबी १२७ बाइट. म्हणजे या जाळ्यातून चित्र पाठवायचे नाही. चित्राचा रस्ता वेगळा आणि इशाऱ्याचा वेगळा, हेच आपल्याला हवे आहे. अडचण अशी की याच पट्ट्यात वसाहतीतील प्रत्येक गाळ्याचे वायफाय असते. वायफाय बहुधा १, ६ आणि ११ या चॅनेलवर चालते. झिगबीचे १५, २०, २५ आणि २६ हे चॅनेल त्यांच्या फटींत किंवा पलीकडे येतात, तेव्हा गेटवे आपोआप जो चॅनेल निवडेल त्यावर न सोडता या चारांतून मोजून निवडावा.

दुसरा पर्याय लोराचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या पण संथ बिनतारी तंत्राचा. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तिमर्यादेत विनापरवाना वापरता येतो. कमी वारंवारतेमुळे या लहरी आरसीसीच्या भिंतींतून अधिक चांगल्या जातात आणि चार मजल्यांना बहुधा एकच गेटवे पुरतो. मोबदल्यात वेग फार कमी असतो; सर्वांत संथ मांडणीत एक लहान संदेशही हवेत सेकंदाहून अधिक काळ राहतो. दमटपणा, कल, पाणी, यूपीएस अशा प्रकृतीच्या नोंदींसाठी हे उत्तम. सेकंदांत निर्णय घ्यायच्या शटरच्या इशाऱ्यासाठी मी ८०२.१५.४ चे जाळे घेईन, आणि शटरपर्यंत जुनी केबल ट्रे असेल तर सरळ वायर टाकून एनव्हीआरच्या अलार्म इनपुटला जोडेन. वायर शक्य आहे तिथे बिनतारी घेण्याचे कारण नाही. बाजारात ९१५ मेगाहर्ट्झचे आयात केलेले स्वस्त सेन्सरही मिळतात. ते घेऊ नका. तो पट्टा आपल्याकडे या कामासाठी मोकळा नाही, त्याच्या लगत मोबाइल सेवा चालतात. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, ईटीए मान्यता आहे का हे बिलाआधी विचारावे.

सिग्नलची पाहणी कधी करायची, हा मुद्दा छोटा वाटतो पण अर्धे जाळे त्यावर कोसळते. कंत्राटदार येतो तो कामाच्या दिवशी दुपारी, जेव्हा सगळी शटर वर असतात. चोरी होते ती रविवारी रात्री, जेव्हा प्रत्येक गाळ्यावर पोलादी पडदा उतरलेला असतो आणि लहरींचे मार्ग पार बदललेले असतात. पाहणी दोन्ही वेळी झाली पाहिजे: एकदा शटर बंद असताना आणि एकदा मशीन पूर्ण भाराने चालू असताना. लेखी अहवालात दोन्हींचे आकडे नसतील तर पैसे अडवून ठेवावेत.

बॅटरीच्या प्रश्नाचे उत्तर सेन्सर काय काम करतो यावर आहे. झोपेत ५ मायक्रोअँपिअर घेणारा सेन्सर वर्षाला सुमारे ४४ मिलिअँपिअर-तास खर्च करतो. दर दहा मिनिटांनी ५० मिलिसेकंद जागा होऊन २० मिलिअँपिअरने "मी आहे" असा संदेश पाठवला तरी त्याचे वर्षाला १५ मिलिअँपिअर-तासच होतात. साधारण २,४०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर असा सेन्सर कित्येक वर्षे चालायला हरकत नाही. व्यवहारात सेलचा स्वतःचा ऱ्हास, उष्णता आणि प्रत्यक्ष इशारे यांमुळे ते आयुष्य घटते. पण जाळ्यात जो नोड, म्हणजे जाळ्यातले जे उपकरण, दुसऱ्यांचे संदेश पुढे पोहोचवतो त्याला सतत कान उघडे ठेवावे लागतात. त्याचा २० मिलिअँपिअरचा प्रवाह दिवसाला ४८० मिलिअँपिअर-तास होतो आणि तोच सेल पाच दिवसांत संपतो. म्हणून संदेश पुढे नेणारे नोड नेहमी विजेच्या जोडणीवर आणि छोट्या बॅकअपसह असावेत. "सगळे बॅटरीवर, सगळे एकमेकांचे संदेश पोहोचवतात आणि सेल पाच वर्षे टिकतो" असे कोणी एका दमात सांगितले तर त्याला हा हिशेब दाखवावा. लिथियम थायोनिल क्लोराइडचे सेल या कामाला चांगले, मात्र त्यांचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत स्थिर राहून एकदम कोसळते, त्यामुळे बॅटरीची टक्केवारी पाहून थांबू नये. तारखेनुसार, मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीच्या इतर कामांबरोबर ते बदलून टाकावेत.

दर दहा मिनिटांची ती हजेरी या साऱ्या रचनेचा कणा आहे. ज्या सेन्सरची ओळीने तीन वेळा हजेरी लागली नाही तो बिघडला असे धरून दुरुस्तीची नोंद व्हावी. नाहीतर मूक बिघाडाचे कॅमेऱ्याचे दुखणे आपण सेन्सरला देऊन बसू. एकाच मिनिटात अनेक सेन्सर गप्प झाले तर मात्र तो बिघाड न समजता लहरी जाणूनबुजून दाबल्याचा किंवा गेटवे तोडल्याचा इशारा समजावा आणि वॉचमनला लगेच उठवावे. संदेश एईएस-१२८ या प्रचलित कूटपद्धतीने सांकेतिक केलेले असावेत आणि कारखान्यातून आलेली मूळ किल्ली पहिल्याच दिवशी बदलावी. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते मूळ पासवर्ड न बदलल्यामुळेच. आपल्या एनव्हीआरचाही पासवर्ड आज तपासावा.

इशारे कोणाला जातात, हेही आधीच ठरवावे. "मागची गल्ली, गाळा १४, शटर" एवढाच संदेश, मराठी किंवा हिंदीत आवाजासह, वॉचमनच्या केबिनमध्ये वाजावा. दमटपणा, बॅटरी, कललेला ब्रॅकेट हे त्याचे काम नाही. ती यादी दिवसा आपल्याकडे आणि एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, माणसाकडे जावी. दोन्ही एकाच फोनवर पाठवले की पंधरवड्यात तो फोन म्यूट होतो.

अकरा मिनिटांच्या तफावतीविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही (फाइलमध्ये बदल झाला तर बदलणारी तिची ओळखखूण) नोंदवावे लागते. जुन्या कायद्यातील कलम ६५ब च्या अशाच प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्या महाराष्ट्रातीलच अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात ठामपणे सांगितली होती, आणि तो वादही निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितींवरून उभा राहिला होता. वेळ चुकली म्हणून पुरावा आपोआप बाद होतो असे नाही, पण प्रत्येक तफावतीचे स्पष्टीकरण द्यावे लागते. कॅमेरे, एनव्हीआर आणि सेन्सरचा गेटवे हे तिघेही एकाच एनटीपी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या) स्रोतावरून वेळ घेतील अशी मांडणी करावी. सेन्सरची नोंद आणि चित्र एकाच घड्याळावर आले की शटर कधी हलले आणि माणूस कधी दिसला हे दोन स्वतंत्र यंत्रे सांगतात, आणि तपास अधिकाऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो.

आतापर्यंतचे थोडक्यात मांडतो: पहिला खर्च जंक्शन बॉक्स, ग्लँड, जोडण्या आणि वेळ यांवर, दुसरा पीओई स्विचच्या नोंदी वाचण्यावर, तिसरा स्वतंत्र विजेचा गेटवे आणि प्रकृतीचे सेन्सर यांवर, आणि मग शटर व गल्लीतील जोडसेन्सर. सगळे कॅमेरे बदलण्याचा सल्ला मी सध्या मानणार नाही. नवा कॅमेरा त्याच गंजलेल्या जोडणीवर आणि त्याच सैल ग्लँडवर बसला तर पुढच्या पावसाळ्यानंतर आपण याच जागी असाल.

एएमसीच्या करारात भेटींची संख्या लिहिण्यापेक्षा, नोंदीत दोष दिसल्यापासून ४८ तासांत दुरुस्ती आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला ठरावीक वजावट असे लिहावे. दोष कधी दिसला हे आता यंत्र सांगणार असल्याने त्यावर वाद राहणार नाही. संपूर्ण इमारतीची ऑर्डर एकदम देऊ नये. मागच्या गल्लीतील कॅमेरे आणि तिकडची शटर एवढ्यापुरते जाळे मे अखेरपर्यंत उभे करून सप्टेंबरपर्यंत चालवावे आणि चार नोंदी ठेवाव्यात: खोटे इशारे किती, चुकलेल्या हजेऱ्या किती, वॉचमनच्या फेरीच्या तुलनेत सापडलेले दोष किती आणि प्रत्येक दुरुस्तीला लागलेला वेळ किती. ही वही घेऊन दोन्ही कंत्राटदारांना ऑक्टोबरमध्ये पुन्हा बोलवावे आणि उरलेल्या कॅमेऱ्यांचे दर त्यावरूनच मागावेत.